साच्यावाचून घडण
कार्बन तंतूंच्या घरगुती कामाविषयी भिलाईच्या एका कुटुंबाला उत्तर

भिलाईहून आलेले एक पत्र गेले काही दिवस आमच्या टेबलावर आहे. लिहिणारे गृहस्थ मूळचे विदर्भातले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी ओतकामासाठी लाकडी नमुने तयार करण्यात घालविली; आता ते निवृत्त आहेत. मुलगा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. धाकटी मुलगी चाकाच्या खुर्चीवरून कॉलेजात जाते. खुर्ची जुनी व जड आहे आणि रोज ती रिक्षात चढविता-उतरविता आईच्या कमरेने हाय खाल्ली आहे. मुलाने मनात घेतले आहे की, खुर्चीचे काही भाग कार्बन तंतूंचे करावयाचे. तेही घरी, मागच्या पडवीत, आणि साच्याशिवाय!

वडील लिहितात, "साच्यावाचून भाग होतो, हे तीस वर्षे नमुने घडविलेल्या माझ्या हाताला पटत नाही. मुलगा म्हणतो, होतो. आपण निवाडा द्यावा. आणि होत असेल, तर त्यावर माझ्या मुलीला विसंबू द्यावे काय, तेही सांगावे."

प्रश्न एका घरचा आहे. परंतु त्यातील जिज्ञासा आणि काळजी ही दोन्ही आपणा सर्वांच्या ओळखीची आहेत. म्हणून कुटुंबाचे नाव न देता त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

पोलादाच्या गावातला कार्बन

नागपूरकडून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग सोडले की भिलाई येते. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते. पुढे तो मध्य प्रदेशात राहिला आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगडमध्ये आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज येथे येते आणि आगगाडीचे रूळ होऊन देशभर जाते.

या गावाला कार्बन काही नवा नाही. झोतभट्टीत कोक जळतो, तो मुख्यतः कार्बनच. खनिजातील ऑक्सिजन हिरावून घेऊन लोखंड मोकळे करण्याचे काम तोच करतो. रुळाच्या पोलादातही शंभर भागांत पाऊण भागाच्या आसपास कार्बन असतो, आणि रुळाला कणखरपणा येतो तो बव्हंशी त्या पाऊण भागामुळे. परंतु या कामात कार्बन हा नेहमी सेवक असतो. तो स्वतः कधी रूळ होत नाही.

भिलाईची भट्टी पेटण्याच्या सुमारासच कार्बनला स्वतःच्या बळावर उभे करण्याचे प्रयत्न दूरदेशी चालू होते. कार्बनचा धागा त्याहीपूर्वी माहीत होता. १८७९ साली एडिसनने आपल्या विजेच्या दिव्यात जाळून कोळसा केलेला सुती धागाच वापरला होता. पण तो ठिसूळ होता. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडजवळच्या एका प्रयोगशाळेत रॉजर बेकन या शास्त्रज्ञाला अतिशय बळकट असे कार्बनचे बारीक तंतू मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानमध्ये ओसाका येथील शासकीय संशोधनसंस्थेत अकिओ शिंदो यांनी, आणि इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे विमानविद्येच्या संशोधनसंस्थेतील वॅट, फिलिप्स व जॉन्सन यांनी, पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू काढण्याची रीत बसविली. आपल्या ऊबदार स्वेटरांचे अ‍ॅक्रिलिकही याच जातीचे आहे. हा धागा प्रथम हवेत दोनशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवितात आणि मग ऑक्सिजनचा वारा लागू न देता हजार अंशांहून अधिक तापवितात. बाकीचे घटक उडून जातात आणि मागे उरतो तो कार्बन, लांबीच्या दिशेने शिस्तीत बसलेला.

असा एक तंतू पाच ते सात सहस्रांश मिलिमीटर जाडीचा असतो. आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्याची घनता पोलादाच्या चौथाईहून कमी आणि ताठपणा पोलादाच्या तोडीचा. ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे विमान बांधणारे त्याच्यामागे का लागले, ते समजते. आपल्या 'तेजस' विमानाच्या सांगाड्यातही कार्बन तंतूंचा मोठा वाटा आहे.

दोरी आणि कुडाची भिंत

तथापि नुसता तंतू घेऊन काही बांधता येत नाही. दोरीने विहिरीतून घागर ओढता येते; दोरीने घागर ढकलता येत नाही. तंतूचेही तसेच आहे. त्याला आपल्या जागी धरून ठेवणारे काही तरी लागते, आणि ते काम एपॉक्सी नावाची राळ करते. राळ आणि हार्डनर ही दोन द्रव्ये ठरलेल्या प्रमाणात मिसळली की काही तासांत मिश्रण घट्ट होते, आणि एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही.

आपल्या खेड्यांतील कुडाची भिंत आठवा. काड्या एकट्या वाकतात, माती एकटी फुटते. दोन्ही मिळून पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात. कार्बन तंतूंचे कापड आणि राळ यांचा संसार तोच आहे. म्हणूनच यात बळ आहे ते तंतू ज्या दिशेला आहेत त्या दिशेला. आडव्या दिशेला फक्त राळेचे बळ उरते, आणि ते फार थोडे. पोलादाची पट्टी कोणत्याही दिशेने ओढा, तिचे बळ जवळजवळ सारखेच. येथे तसे नाही. कापडाचा एक पदर सरळ आणि एक तिरपा, पंचेचाळीस अंशांत, असे घालतात ते यासाठीच. सरळ पदर वाकणे रोखतो, तिरपा पदर पिळवटणे रोखतो. आणि दोन्ही बाजूंचे पदर सारखे नसतील, तर वस्तू सुकता सुकता उन्हातल्या पापडासारखी वाकडी होते.

साचा कशासाठी?

आता वडिलांच्या आक्षेपाकडे वळू. ओलसर राळेत भिजलेले कापड हे ओल्या पंचासारखे लोळागोळा असते. ते घट्ट होईपर्यंत त्याला कशावर तरी टेकावेच लागते, आणि कारखान्यात हा आधार म्हणजे साचा. साच्याला घासून आरशासारखे केलेले असते, म्हणून त्याला टेकलेली बाजू गुळगुळीत निघते. आणि एका साच्यातून शंभर वस्तू एकसारख्या निघतात.

शंभर वस्तू काढावयाच्या असतील, तर साच्यासारखा सोबती नाही. परंतु वस्तू एकच हवी असेल तर? मग आधी नमुना करावयाचा, नमुन्यावरून साचा करावयाचा, साच्यातून वस्तू काढावयाची आणि नंतर तो साचा माळ्यावर टाकावयाचा. एका घासासाठी चूल मांडण्यातला हा प्रकार झाला.

पत्रलेखक स्वतः नमुनेकार आहेत, म्हणून हे त्यांना लगेच उमगेल. ओतशाळेत लाकडी नमुना वाळूत दाबतात, त्याचा ठसा उमटतो, नमुना काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत धातू ओततात. म्हणजे मूळ आकार नमुन्याचा. साचा हा केवळ निरोप्या. साच्यावाचून काम करावयाचे म्हणजे या निरोप्याला वगळावयाचे. नमुना हलक्या फोमचा करावयाचा, त्यावर कार्बनचे कापड राळेने चढवावयाचे, आणि नमुना आतच राहू द्यावयाचा.

छत्तीसगडला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. बस्तरमध्ये, कोंडागावच्या परिसरात, ढोकरा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून हत्ती-घोडे आणि देवमूर्ती घडवितात. त्यावर मातीचा लेप देऊन भट्टीत तापविले की मेण वाहून जाते आणि त्याच्या जागी पितळ येते. तेथेही कायमचा साचा नसतो; प्रत्येक मूर्ती एकदाच होते. कार्बनच्या कामातही कोणाला पोकळ नळी वा पेटी हवी असेल, तर तो पॉलिस्टायरीनच्या फोमवर कापड चढवितो आणि राळ पक्की झाल्यावर आतला फोम अ‍ॅसिटोनने विरघळवून टाकतो. मेण गेले, मूर्ती राहिली; तसेच हे.

पण बहुतेक वेळा फोम आत ठेवण्यातच शहाणपण असते, आणि त्याचे कारण भिलाईच्या रुळातच दिसते. रूळ आडवा कापून पाहिला, तर वर जाड माथा, खाली रुंद पाया आणि मध्ये पातळ भिंत दिसते. धातू मध्यापासून दूर नेऊन ठेवला आहे, कारण वाकण्याला विरोध तेथूनच होतो. फोमच्या दोन अंगांना चढविलेली कार्बनची कातडी म्हणजे रुळाचा माथा आणि पाया. मधला फोम ही मधली भिंत. कातडी तेवढीच ठेवून दोहोंमधील अंतर दुप्पट केले, तर ताठपणा सुमारे चौपट होतो. वजन मात्र थोड्याशा फोमचेच वाढते.

या रीतीची मोठी कसोटी अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातील मोहावी येथे बर्ट रुटन या अभियंत्याने बांधलेले 'व्हॅरीईझ' हे छोटे विमान १९७५ मध्ये उडाले. फोमचे ठोकळे तप्त तारेने कापून त्यांवर काचतंतूंचे कापड व एपॉक्सी चढवून त्याने पंख केले; साचा नाही. १९७६ पासून त्याचे आराखडे विकले जाऊ लागले आणि शेकडो हौशी माणसांनी आपापल्या मोटारखान्यांत अशी विमाने बांधली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. त्या आराखड्यांत विमानाला हात लावण्यापूर्वी सरावाचे लहान तुकडे करावयास सांगितले होते, आणि त्यांतील एक तुकडा तराजूत घालून राळ जास्त तर झाली नाही ना, हे पाहावयाचे होते. विमान बांधणाऱ्यालाही श्रीगणेशा पाटीवरच गिरवावा लागला!

कृती

आता आपल्या कामाकडे येऊ. उदाहरण म्हणून खुर्चीच्या बाजूची फळी घ्या. ही फळी मुलीचे कपडे आणि फिरते चाक यांच्यामध्ये असते. समजा, ती ३० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद आहे. एक मिलिमीटर पोलादी पत्र्याची केली, तर तिचे वजन ५९० ग्रॅमच्या घरात जाते. पाच मिलिमीटर फोमच्या दोन्ही अंगांना, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कार्बन कापडाचे दोन-दोन पदर चढविले, तर कापड ६० ग्रॅम, राळ तेवढीच आणि फोम सुमारे १३ ग्रॅम. म्हणजे सारे मिळून १३५ ग्रॅमच्या आत-बाहेर. अशा दोन फळ्या म्हणजे आईच्या कमरेवरून जवळजवळ एक किलो उतरले.

पहिले काम नमुन्याचे. खोकी भरण्याचा दाणेदार थर्मोकोल घेऊ नये. उष्णता रोखण्यासाठी बांधकामात वापरतात ती बारीक छिद्रांची घट्ट पॉलिस्टायरीनची फळी घ्यावी. ती करवतीने, काचकागदाने किंवा तप्त तारेने कापता येते, मात्र वारा खेळता हवा. पॉलियुरेथेनच्या फोमला तप्त तार कधीही लावू नये. त्यातून विषारी वायू निघतात. नमुनेकाराला येथे एकच सवय उलटी करावी लागेल. ओतीव पोलाद थिजताना मीटरमागे सुमारे वीस मिलिमीटर आकसते, म्हणून लाकडी नमुना थोडा मोठा करतात. येथे कातडी बाहेरून चढणार, म्हणून नमुना कातडीच्या जाडीइतका लहान करावयाचा. दोन पदरांची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास धरावी. कडा धारदार ठेवू नयेत. कार्बनचे कापड तीक्ष्ण कोपऱ्यावर वळत नाही. तेथे ते उचलले जाते आणि खाली पोकळी राहते.

जेथे स्क्रू येणार, तेथील फोम कोरून काढावा आणि तेथे कठीण लाकडाचा तुकडा राळेने बसवावा. नाहीतर स्क्रू आवळताच फोम चिरडतो आणि फळी सैल होते.

दुसरे काम राळेचे. राळ एपॉक्सीच हवी. काचतंतूंच्या कामात सर्रास मिळणारी पॉलिएस्टर राळ पॉलिस्टायरीनवर ओतली, तर नमुना डोळ्यांदेखत विरघळतो. राळ व हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिले असेल तेच, आणि तेही वजनकाट्यावर. 'चिमूटभर जास्त' हा स्वयंपाकघरातला न्याय येथे चालत नाही. जास्त हार्डनरने राळ लवकर सुकत नाही, उलट कच्ची राहते. मिश्रण थोडे थोडे करावे आणि पसरट भांड्यात ठेवावे. उभ्या पेल्यात भरपूर मिश्रण ठेवले, तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागते.

तिसरे काम कापड चढविण्याचे. नमुन्यावर राळेचा पातळ हात फिरवावा, कापड अंथरावे आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे राळ पसरावी. कापड गडद व ओले दिसावे, पण त्यावर राळेचे तळे साचू नये. हाताने केलेल्या कामात कापडाच्या वजनाइतकी राळ पुरे; त्याहून अधिक राळ म्हणजे ओझे, बळ नव्हे. सर्वांत वर नायलॉनचे सोलून काढता येण्याजोगे कापड घालावे. ते नंतर ओढून काढले की खाली खरबरीत, पुढच्या थराला चिकटण्यास योग्य असा पृष्ठभाग मिळतो.

ज्यांच्यापाशी निर्वात पंप आहे, ते सारी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आतली हवा ओढतात. मग भोवतालचे वातावरणच प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलोचा दाब देते आणि जादा राळ वरच्या शोषक कापडात जाते. पंप पुऱ्या जोराने चालविण्यापूर्वी फोमच्या एका तुकड्यावर प्रयोग करावा. हलका फोम त्या दाबाने चेपतो. पंप नसेल तर सपाट फळीवर वजन ठेवूनही काम साधते.

साचा नसल्याची किंमत येथे द्यावी लागते. वरची बाजू आरशासारखी निघत नाही. ती भरावी, घासावी, पुन्हा भरावी, पुन्हा घासावी लागते. साच्यावर जे श्रम आधी व्हावयाचे, ते येथे नंतर होतात. श्रम चुकत नाहीत.

भिलाईचा उन्हाळा आणि घरची माणसे

हवामानाचा विचार केल्यावाचून हे काम भिलाईत करू नये. मे महिन्यात तेथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. उष्णता दहा अंशांनी वाढली की राळ घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. डब्यावर अर्धा तास लिहिला असेल, तर वैशाखातल्या दुपारी दहा मिनिटेही मिळणार नाहीत. पावसाळ्यात ओलाव्याने राळेवर चिकट, मेणचट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे, निवांत दिवस उत्तम.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. घरच्या तपमानात सुकलेली साधी एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. काळ्या रंगाची वस्तू उन्हाळ्याच्या उन्हात उभी राहिली, तर सहज तितकी तापते. तेव्हा उष्णता सोसणारी राळ निवडावी, तिच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे वस्तू नंतर सावकाश तापवून पक्की करावी, आणि वर पांढरा रंग द्यावा. काळ्या विणीची शोभा जाते खरी. पण फळी वाकत नाही.

आता घरच्या माणसांविषयी. एपॉक्सी वारंवार कातडीला लागली, तर काहींना तिचे वावडे जडते. आणि एकदा जडले की ते जन्मभर राहते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेत. हाताला लागलेली राळ साबण-पाण्याने काढावी, थिनरने नव्हे. थिनर तिला कातडीत आणखी आत नेतो. घासताना उडणारी धूळ नाका-डोळ्यांत जाऊ नये, यासाठी चांगला श्वसनमुखवटा व चष्मा घालावा आणि ओल्या काचकागदाने घासावे. ही धूळ विजेची वाहक आहे. ती संगणकात वा विजेच्या बोर्डात गेली, तर घोटाळा होतो. अ‍ॅसिटोन भडकणारे आहे. त्याच्या आसपास तप्त तार, विडी वा शेगडी नको. स्वयंपाकाची भांडी आणि भट्टी या कामाला लावू नये, आणि लावली तर पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये.

पोलादाच्या गावात आणखी एक इशारा द्यावयास हवा. कार्बन थेट धातूला, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमला, टेकला आणि मध्ये ओल आली, तर तेथे विद्युत्‌घटासारखी क्रिया होऊन धातू कुजतो. खुर्चीचा सांगाडा धातूचा आहे. म्हणून जेथे दोहोंचा स्पर्श होईल तेथे काचतंतूंच्या कापडाचा एक पदर मध्ये घालावा.

माठ वाजवून घ्यावा

वस्तू तयार झाली. ती चांगली आहे हे कसे ओळखावे? बाजारात माठ घेताना आपल्या घरच्या बायका काय करतात? बोटाच्या पेराने तो वाजवून पाहतात. येथेही तेच करावे. नाण्याने सबंध पृष्ठभागावर हलके टक-टक करीत जावे. सर्वत्र सारखा खणखणीत नाद आला तर ठीक. मध्येच आवाज बद्द झाला, तर तेथे पदर सुटला आहे किंवा खाली हवा राहिली आहे. विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञही ही जुनी युक्ती वापरतात.

प्रत्येक वस्तूबरोबर त्याच राळेचा, त्याच कापडाचा एक लहान तुकडा करावा आणि तो मुद्दाम मोडावा. फोमवरून कातडी सोलून निघाली, तर चिकटणे चुकले. फोम फाटून कातडीबरोबर आला, तर काम पक्के. मोडलेल्या तुकड्याइतका सच्चा शिक्षक नाही.

हे एवढे तपासावयाचे, त्याला कारण आहे. पोलाद मोडण्यापूर्वी वाकते. माणसाला सावध होण्यास अवधी देते. कार्बन तंतूंची वस्तू बहुधा वाकत नाही. ती शेवटपर्यंत ताठ राहते आणि एकदम तुटते. आतला दोष बाहेरून दिसत नाही. १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात 'टायटॅनिक'चे अवशेष पाहावयास गेलेली 'टायटन' ही पाणबुडी खोल समुद्रात चिरडली आणि आतील पाचही जण मृत्यू पावले. तिचे नळकांडे कार्बन तंतूंचे होते. समुद्रतळावरून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत पदरांतील सुरकुत्या व पोकळ्या आढळल्या. ज्यांच्यापाशी पैसा आणि यंत्रे होती त्यांच्या हातूनही सुरकुती राहून गेली, हे पडवीत काम करणाऱ्याने विसरू नये.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. संरक्षण संशोधन संस्थेची हैदराबाद येथील प्रयोगशाळा आणि बीबीनगरचे एम्स रुग्णालय यांनी मिळून कार्बन तंतूंचे कृत्रिम पाऊल तयार केले. जुलै २०२५ मध्ये ते प्रकाशात आले. माणसाच्या पायाखाली देण्यापूर्वी ते १२५ किलोपर्यंतच्या भारासाठी तपासून घेतलेले आहे. कार्बन माणसाचे ओझे वाहू शकतो; मात्र आधी त्याने यंत्राखाली परीक्षा दिलेली असावी लागते.

निवाडा

तेव्हा भिलाईच्या आमच्या मित्रांना उत्तर असे आहे.

साच्यावाचून भाग होतो. मुलाचे म्हणणे खरे. परंतु नमुन्यावाचून होत नाही. म्हणून वडिलांचेही खरे. साचा काढून टाकला म्हणजे शिस्त काढून टाकली असे नव्हे. साचा जी राखण करीत होता, ती आता माणसाच्या हाताने आणि डोळ्याने करावयाची असते, इतकेच.

बाजूच्या फळ्या अवश्य कराव्यात. त्या मोडल्या तरी मुलगी पडणार नाही. चाकात तुकडा अडकू नये म्हणून त्या नीट आवळलेल्या मात्र असाव्यात. मांडीवर वही ठेवण्याची पाटी, पिशवीची पेटी, पाण्याच्या बाटलीचा कोंडाळा, हेही करावे. पाय ठेवण्याची फळी दुसऱ्या टप्प्यावर करावी. प्रथम तिच्यावर मुलीच्या सबंध वजनाच्या दुप्पट वाळूच्या गोण्या दिवसभर ठेवून पाहाव्यात, आणि नंतरही दर महिन्याला नाण्याने वाजवून पाहावी. पुढच्या लहान चाकांचे फोर्क, आस, सांगाडा आणि ब्रेक यांना हात लावू नये. हाच नियम इतर घरांनीही पाळावा. सायकलचा फोर्क व हँडल, डोक्यावरचे शिरस्त्राण, शिडी, दाबाखालील टाकी, या वस्तू घरी करावयाच्या नव्हेत. हा भाग अकस्मात तुटला तर काय होईल, असा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. उत्तर 'गैरसोय होईल' असे आले तर काम हाती घ्यावे. 'माणूस पडेल' असे आले, तर तपासलेला भाग विकत घ्यावा.

हेही ध्यानात असू द्यावे की, भिलाईचे पोलाद मोडीत गेले तरी पुन्हा भट्टीत वितळून नवे होते. कार्बन आणि राळ यांची वस्तू वितळत नाही. बिघडलेला तुकडा बहुधा कचराच होतो. म्हणून मापून, नेमके आणि थोडेच करावे.

शेवटी एक सूचना, मागितली नसताही करतो. पडवीत दोन कामे आहेत. कापड किती पदरी, कोणत्या दिशेने आणि राळ किती, हा हिशेब मुलाने करावा. फोमला घाट देणे, कड गोल करणे, बोट फिरवून उंच-सखल ओळखणे, ही विद्या पुस्तकात नाही. ती वडिलांच्या बोटांत आहे आणि निवृत्त झाल्यापासून स्वस्थ बसली आहे. नमुना वडिलांनी करावा. आणि फळी कोठे टोचते, कोठे रुतते, हाताला कोठे लागते, हे ठरविण्याचा अधिकार जी त्या खुर्चीत बसते तिचा. तिला विचारल्यावाचून पहिली रेघदेखील मारू नये.

पहिला तुकडा बिघडेल. तो फेकू नये. त्यावर तारीख घालून पडवीतल्या खिळ्याला टांगावा. दुसरा त्याहून बरा होईल.